राजानंदची सुट्टी

राजानंद मालदीवहून कायमचा परत आला त्याला दीड महिना झाला होता. या दीड महिन्यात हसनाबादेत त्याला भेटणाऱ्या प्रत्येकानं एकच विचारलं होतं, "मंग, आता काय?" राजानंद "बघू" म्हणायचा आणि पुढं चालू लागायचा. घरी आला की पलंगावर बसून समोरच्या भिंतीकडं बघत राहायचा. भिंतीवर त्याचाच एक फोटो होता. पांढरी वाळू, निळंशार पाणी, लाकडी आरामखुर्चीत रेललेला राजानंद आणि डोळ्यांवर काळा चष्मा. तिथल्या हॉटेलातल्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी पाठवलेला तो फोटो त्याच्या बायकोनं, बेबीनंदानं, जालन्याहून फ्रेम करून आणला होता.

त्याचे जिवाभावाचे दोस्त दोनच. एक तातेराव, जाफराबादजवळच्या शाळेत मास्तर. दुसरा कडूबा. त्याची काळी-पिवळी जीप हसनाबाद ते जाफराबाद दिवसाला चार फेऱ्या मारायची. तिघंही जिल्हा परिषदेच्या शाळेत एका पट्टीवर बसलेले. तेरा वर्षांत राजानंद जेव्हा जेव्हा महिन्याभराच्या रजेवर यायचा, तेव्हा तातेराव म्हणायचा, "एकदा आम्हाला बी ने रे तुझ्या बेटावर." राजानंद हसायचा, आणि रजा संपली की एकटाच निघून जायचा.

आता तातेरावनंच बेट शोधून काढलं. जाफराबादच्या राधेश्याम शेठनं नवीन रिसॉर्ट काढलं होतं. धरण बांधून जवळच्या तलावाचं पाणी चढलं तेव्हा मधोमध एक टेकडी बुडायची राहिली होती. शेठनं तिथं चार झोपड्या बांधल्या, रेती टाकली, आंध्रातून नारळाची झाडं आणून लावली आणि नाव दिलं 'मिनी मालदीव'.

"दोन दिवस तिघंच जाऊ," तातेराव म्हणाला. "शनिवार-रविवार. तू नुसतं सांगायचं, तिकडच्यासारखं हाय का न्हाई ते."

राजानंदला मनापासून नको होतं. पण बेबीनंदा म्हणाली, "जाऊन या हो. घरात बसून तरी काय करून राह्यले? दोस्त एवढे बोलवतात." तिनं पिशवी भरली. टॉवेल, बनियन, डोक्याचं तेल आणि डब्यात शेंगदाण्याची चटणी.

शनिवारी सकाळी कडूबाची जीप दारात उभी राहिली. फेब्रुवारी लागला होता. कापूस वेचून झाला होता आणि हरभरा वाळायला आला होता. रस्त्यावर प्रत्येक फाट्याला लोक हात करायचे. कडूबाचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा, जीप हळू व्हायची, आणि मग त्याला आठवायचं.

"आज न्हाई, आज न्हाई!" तो खिडकीतून ओरडायचा. "आज फिरायला चाललो!"

"मंग कशाला थांबतो?" तातेराव चिडला.

"सवय हाय गुरुजी. पंधरा वर्षांची. एका दिवसात थोडीच जाईल."

तलावाच्या काठावर मोटारीची होडी होती. होडीवाल्यानं तिघांच्या गळ्यात नारंगी जाकिटं अडकवली आणि पाच मिनिटांत पलीकडं नेऊन सोडलं. तिथं पत्र्याच्या कमानीवर इंग्रजीत स्वागत लिहिलेलं होतं. नारळाची झाडं बांबूच्या टेकूवर उभी होती आणि त्यांच्या झावळ्या शेंड्याकडून पिवळ्या पडल्या होत्या. मधे एक जुना कडुलिंब होता, टेकडीचा मूळचा. सावली काय ती त्याचीच होती. रेतीवर सहा आरामखुर्च्या मांडल्या होत्या आणि दोन खांबांना जाळीचा झोका बांधला होता.

"अरे वा!" कडूबा झोक्यात पडून पाहू लागला आणि अर्धा खाली घसरला.

त्यांच्याशिवाय बेटावर दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. झोपडीचं दार उघडायला पुष्पाबाई आल्या. पन्नाशीच्या, काठावरच्याच गावच्या. खोल्या झाडणं, भांडी, कपडे, सगळं त्या एकट्याच बघायच्या. कमरेवर हात ठेवून त्यांनी खोली दाखवली, "पाणी लागलं तर आवाज द्या दादा," म्हणाल्या आणि वाकतच निघून गेल्या.

राजानंदची नजर आधी पलंगावर गेली. चादरीचं एक टोक बाहेर लोंबत होतं आणि उशीच्या अभ्र्याला साबणाचा पिवळा डाग राहिला होता. त्यानं मान फिरवली. बघायचं नाही असं ठरवूनच तो आला होता.

दुपारी लिंबाखाली जेवण झालं. तळलेले मासे, ज्वारीची भाकर, ठेचा आणि घरची चटणी. तातेराव हात धुऊन आरामखुर्चीत पसरला, पोटावर हात ठेवून त्यानं डोळे मिटले आणि म्हणाला, "राजा, आज कळलं बघ मला. तेरा वर्षं तू सुट्टीवरच होतास लेका. आम्ही इकडं पोरांना पाढे शिकवून मरून राह्यलो, आन् तू असा पडलेला. समुद्र समोर."

कडूबा हसला. राजानंदही हसला. हसताना गालाला कुठंतरी ओढ बसली, एवढंच.

"ते चादरीचं दाखव ना," तातेराव म्हणाला. "टॉवेलाचा हंस का काय करतात म्हणे. व्हिडिओत बघितलं मी."

राजानंद नको म्हणाला. पुन्हा नको म्हणाला. मग कडूबानं त्याचा हात धरून त्याला झोपडीत नेलं. एकदा पलंगासमोर उभा राहिल्यावर त्याच्या हातांनी त्याला विचारलं नाही. चादर झटक्यात हवेत उडाली आणि गादीवर सपाट उतरली. चारी कोपरे घडी पडून गादीखाली गेले. तळहातानं एकदा ओढून घेतल्यावर तिच्यावर एक सुरकुती राहिली नाही. टॉवेल दोन बाजूंनी गुंडाळला, मधे वाकवला, मान वर केली. पलंगावर हंस बसला. दोन मिनिटंही लागली नाहीत.

तातेरावनं सगळं मोबाईलवर घेतलं होतं. "आमचा राजानंद, मालदीव रिटर्न!" असं लिहून त्यानं तिथल्या तिथं स्टेटसला टाकलं. ते जाफराबादेत राधेश्याम शेठनं पाहिलं आणि ऊन उतरायच्या आत शेठ स्वतः होडीत बसून आले.

शेठ चांगला माणूस होता. पांढरा शर्ट, खिशाला पेन, बोलणं मऊ. त्यांनी पलंग पाहिला, हंस पाहिला आणि राजानंदचा हात दोन्ही हातांत घेतला. "राजानंदभाऊ, तुमच्यासारखा माणूस मला वर्षभर शोधूनबी भेटला नाही. तुम्ही मॅनेजर व्हा इथं. माणसं तुम्ही ठेवा, शिकवा. घरापासून तासाभराचा रस्ता. रहायचं तर ती कोपऱ्यातली झोपडी तुमची."

"करंल की!" तातेराव मधेच म्हणाला. "का न्हाई करणार? घरचं बेट झालं हे तर. राजा, बोल ना."

राजानंदच्या कानात काहीतरी घरघरू लागलं. वाळवायच्या मशिनीसारखं. "उद्या सांगतो शेठ," तो म्हणाला.

"बिलकुल. आरामात सांगा. उद्या दुपारी येतो मी." शेठ गेले. कडूबा आणि तातेराव सूर्य पाण्यात बुडेपर्यंत त्याचं अभिनंदन करत राहिले. राजानंद त्या दिवशी लवकर आडवा झाला.

पहाटे पाचला त्याचे डोळे उघडले. तेरा वर्षं याच वेळेला उघडायचे. दोघं घोरत होते. तो उठून बाहेर आला. पाण्यावर धुकं होतं, कुठंतरी पाणकोंबडी ओरडत होती, आणि धुक्यातून धप् धप् असा आवाज येत होता. आवाजाच्या दिशेनं गेला तर बेटाच्या मागच्या अंगाला पुष्पाबाई गुडघाभर पाण्यात उभ्या राहून दगडावर चादरी आपटत होत्या.

"मशीन न्हाई का बाई?" त्यानं विचारलं.

"हाय ना. बंद पडली. दिवाळीच्या आधीपासून." त्यांनी मान वर केली नाही. "पुढच्या रविवारी कुणाचं तरी लगीन ठरलंय इथं. धा खोल्यांच्या चादरी काढून ठेवल्यात शेठनं. खोल्या चारच हायेत, पण गाद्या लई टाकनार म्हने."

ओली चादर एकट्या माणसाला पिळता येत नाही. बाई एक टोक पायाखाली दाबून दुसरं पिळत होत्या. राजानंदनं पायजमा वर खोचला, पाण्यात उतरला आणि दुसरं टोक उचललं. दोघांनी दोन बाजूंनी पीळ दिला, पाणी सांडलं, घडी झाली. दुसरी. तिसरी.

"तुमी तिकडं मोठे सायब होते म्हने," पाचव्या चादरीला पुष्पाबाई म्हणाल्या.

राजानंदनं चादर पिळली. "न्हाई बाई. मी धुत होतो. हेच."

तेरा वर्षांत हे त्यानं आपल्या भाषेत पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं होतं. पुष्पाबाईंना काहीच नवल वाटलं नाही. "ते समजलंच मला," त्या म्हणाल्या. "सायबाचा हात असा बराबर पडत न्हाई."

आठव्या की नवव्या चादरीला त्याचे हात खांद्यापासून जड झाले. दुखत नव्हते. फक्त वर येईनात. तो पाण्यातून बाहेर आला आणि धुतलेल्या चादरींच्या ढिगाशेजारी बसला. बसला तो बसलाच. पुष्पाबाईंनी दोनदा हाका मारल्या, मग घाबरून त्या झोपड्यांकडं पळाल्या.

तातेराव तोंडात ब्रश धरून आला. कडूबा अनवाणी, हातात जीपची किल्ली. "छातीत दुखून राह्यलं का? डावा हात? घाम आला का?" कडूबानं त्याचं मनगट धरलं. "होडीवाल्याला फोन लाव गुरुजी. जल्दी. सरळ जालन्याला नेतो मी याला."

"कायबी न्हाई झालं," राजानंद म्हणाला. "बस जरा. दोघंबी बसा."

"अरे पण..."

"तिकडंबी असंच झाल्तं. दिवाळीच्या सुमारास. टॉवेलांच्या ढिगावर बसलो आन् उठताच येईना. त्यांनी राजधानीला, मालेला नेऊन सगळं तपासलं. रक्त, छाती, डोकं. कायबी न्हाई निघालं. डॉक्टर म्हणला तू ठणठणीत हायेस. पण मला हातच उचलता येईनात. मंग त्यांनी तिकीट काढून दिलं." त्यानं ओल्या तळहातांकडं पाहिलं. "काही झालं असतं तर सांगता तरी आलं असतं घरी. नुसता दमलो, हे कसं सांगू?"

तातेरावनं ब्रश तोंडातून काढला. "दमला म्हणजे? तू तर तिथं..."

"लाँड्रीत होतो मी तातेराव. तेरा वर्षं. एकच खोली. बिनखिडकीची. चादर अंथरणं, हंस, सगळं तिथल्याच पोरांकडून शिकलो, तिथंच. सकाळी सहाला आत गेलं की बाहेर येईस्तोवर दिवस मावळलेला. बेट केवढं, तर आपल्या शाळेच्या मैदानाएवढं लांब, आन् तिथल्या वाळूत पाय ठेवायची आम्हाला परवानगी न्हाई. झावळ्यांची भिंत होती मधे. पाव्हण्यांना आम्ही दिसू नये म्हणून. समुद्राचा आवाज बी मशिनीत ऐकू यायचा न्हाई."

"आन् फोटो?" कडूबानं विचारलं. "तुमच्या घरातला?"

"एकदा वादळ आल्तं. पाव्हणे सगळे खोल्यांत. खुर्च्या उचलायला म्हणून आम्हाला सोडलं बाहेर. एका पोराला म्हणलं, काढ जल्दी. अर्धा मिनिट बसलो असंल. चष्मा बी त्याचाच. नंतर मोबाईलात त्यानं आभाळ निळं करून दिलं. बेबीनंदानं फ्रेम केली मंग. आता सांगायचं कसं?"

काठाशी पाणी हलत होतं. पुष्पाबाई थोड्या लांब, पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. तातेरावच्या दाढीवर पेस्टचा फेस वाळत चालला होता आणि त्याला ते कळत नव्हतं.

"मी दरसाली पोरांना तुझं सांगतो वर्गात," तो शेवटी म्हणाला. "याच भागातला, आपल्यासारख्याच घरातला माणूस, विमानात बसून गेला म्हणून." मग एकदम रागावून म्हणाला, "आन् काल मी, करंल की! असा बोललो तुझ्या वतीनं. तू मला थोबडवायला पाहिजे होतं राजा."

"हात उचलत नव्हता," राजानंद म्हणाला, आणि कडूबाला हसू फुटलं. ते हसू फार टिकलं नाही, पण तिघांनाही जरा श्वास घेता आला.

"झोप मंग," कडूबा म्हणाला. "दमला तर झोपायचं. त्यात काय एवढं?"

"झोप येत न्हाई कडूबा. आडवा होतो नुसता. घरी बेबीनंदा बघते, पोरगी बघते. दिवसा झोपलो तर काय म्हणतील? धडधाकट माणूस."

"इथं कोण बघतंय? मी? गुरुजी?"

झोपडीच्या मागं दोरीची एक खाट होती, पुष्पाबाईंची. तातेराव आणि कडूबानं ती उचलून लिंबाखाली आणली. पुष्पाबाईंनी आपली गोधडी आणून टाकली, "धुतलेली हाय" म्हणाल्या. राजानंद तिच्यावर आडवा झाला, तेव्हा कडूबानं त्याच्या पायातली ओली चप्पल काढून बाजूला ठेवली. त्याला लाज वाटली. पाय ओढून घ्यावेत असं वाटलं, पण पाय ऐकेनात.

डोळे मिटले तरी बराच वेळ सगळं ऐकू येत होतं. तातेराव खर्जात म्हणत होता, "स्टेटस काढलं मी. साठ जणांनी बघितलं रे तोवर." कडूबा फोनवर कुणाला तरी सांगत होता, "बाजाराची फेरी तूच मार आज. न्हाई, मी न्हाई येत. न्हाई म्हणलो ना." मग चादरी वाळत घालताना होणारा फटकारा. मग काहीच नाही.

मधे कधीतरी होडीची मोटार वाजली आणि राधेश्याम शेठचा आवाज आला. राजानंदला उठायचं होतं. त्याला वाटलं आपण उठलोय, उभे राहिलोय, हो म्हणतोय. पण तो खाटेवरच होता आणि तातेरावचा वर्गातला आवाज येत होता, हळू पण ठाम.

"शेठ, माणूस झोपलेलाय."

"बारा वाजले गुरुजी, झोपडी सोडायची वेळ झाली, आणि मला जरा बोलायचं होतं..."

"झोपडी सोडली आम्ही. सामान बाहेर काढलंय. तो लिंबाखाली हाय. लिंब काय तासावर न्हाई ना?"

शेठ काय म्हणाले ते राजानंदला कळलं नाही. मोटार लांब गेली. त्यानंतर तो खरोखर झोपला.

जाग आली तेव्हा सावली सरकून खाटेच्या पलीकडं गेली होती, पण त्याच्या अंगावर ऊन नव्हतं. दोन आरामखुर्च्या उभ्या करून त्यांवर कुणीतरी चादर ताणून बांधली होती. गालावर दोरीचे वळ उमटले होते. तोंडाला कोरड पडली होती आणि आपण कुठं आहोत हे क्षणभर उमगलं नाही. उजवीकडं पाहिलं तर तातेराव खुर्चीत तोंड उघडं टाकून झोपला होता आणि चष्मा छातीवर घसरला होता. कडूबा रेतीवर पालथा, एक हात डोक्याखाली. पत्ते मधेच टाकलेले. लिंबाच्या बुंध्याला टेकून पुष्पाबाईही झोपल्या होत्या, पाय लांब करून, मान एका खांद्यावर.

राजानंद उठला नाही. बराच वेळ तो तसाच कुशीवर पडून या तिघांकडं बघत राहिला. कडूबाच्या टाचांना किती भेगा पडल्या आहेत हे त्यानं पहिल्यांदा पाहिलं. तातेरावचे केस मागून पार गेले होते. ही माणसंही दमली असतील, हे त्याच्या कधी मनात आलं नव्हतं. तो सोडून सगळे घरीच आहेत, म्हणजे आरामात आहेत, असं तो लाँड्रीत उभा राहून तेरा वर्षं समजत आला होता.

पुष्पाबाईंचा डोळा उघडला. त्या गडबडीनं पदर सावरत उठल्या. "मीबी जरा पडले व्हते दादा. शेठला सांगू नका."

"न्हाई सांगत. पडा अजून."

"आता कशाचं पडता. च्या टाकते."

चहा गूळ घालून केलेला होता. चौघांनी खाटेभोवती बसून तो प्यायला. पाच वाजता होडी आली.

काठावर शेठ जीपजवळ उभे होते. तातेराव पुढं होऊ लागला, तशी राजानंदनं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला मागं केलं.

"शेठ, तुम्ही मान दिला. पण माझ्याच्यानं न्हाई होणार हे काम. तब्येतीचं कारण न्हाई. मला नको हाय."

शेठचा चेहरा पडला. "विचार करा अजून. घाई नाही."

"विचार झाला. आन् एक सांगू? ती मशीन दुरुस्त करून घ्या. बाई हातानं धुवून राह्यल्यात. अशानं त्यांची कंबर जाईल एक दिवस."

"बघतो," शेठ म्हणाले. बघतील की नाही हे त्यांच्या आवाजावरून कळत नव्हतं. राजानंदच्या मनात आलं, मशिनीची मोटार आपण उघडून पाहिली असती तर तासाभरात चालू झाली असती. तो जीपमध्ये जाऊन बसला. पुष्पाबाई पलीकडं बेटावरच राहिल्या होत्या. सकाळच्या पाच-सहा चादरी अजून दोरीवर पांढऱ्या दिसत होत्या. त्यांच्याकडं बघताना त्याला बरं वाटलं नाही, पण तो उतरला नाही.

परतताना पहिल्याच फाट्यावर कडूबानं जीप थांबवली. बाजार करून निघालेली सात माणसं, दोन कोंबड्या आणि मेथीचं गाठोडं आत आलं. राजानंद खिडकीशी चेंगरला आणि हसनाबाद येईपर्यंत पुन्हा पेंगला.

घरी बेबीनंदा ओसरीवर तांदूळ निवडत होती. पोरगी भावना आत अभ्यास करत होती. "कसं होतं?" बेबीनंदानं विचारलं.

"झोपलो." तो तिच्याजवळ बसला. सुपातला एक खडा उचलून त्यानं बाहेर टाकला. मग त्यानं तिला सांगितलं. लाँड्री, बिनखिडकीची खोली, टॉवेलांचा ढीग, मालेचा डॉक्टर. फोटोचं सांगताना तो अडखळला, पण तेही सांगितलं.

बेबीनंदाचे हात सुपात थांबले. तिच्या आवाजात राग होता. "तेरा वर्षं मी शेजारणींना तो फोटो दाखवला. मला येडं बनवलं तुम्ही." तिनं डोळे पुसले. "मी इकडं एकटी, आन् वाटायचं, असू दे, एकजण तरी सुखात हाय. त्याच्यावर दिवस काढले मी."

"चुकलं माझं."

"चुकलंच." तिनं सूप उचललं आणि उठली. दाराशी जाऊन थांबली. त्याच्याकडं न बघताच आत हाक मारली, "भावना, सकाळी तो मोबाईल मोठ्यानं लावत जाऊ नको. पप्पाला झोपू दे जरा."

आणि भाताचं आधण ठेवायला ती आत गेली.